घाम वाळतो ते गाव

मे महिन्यातली दुपार, दौंड जंक्शन. गाडीतून उतरल्यावर मामांनी सामान खाली ठेवायच्या आधी शर्टाची कॉलर मागून चाचपून पाहिली. कोरडी. पहाटे डोंबिवलीत घराचा जिना उतरेपर्यंत तीच कॉलर चिंब झाली होती. इथे पारा चाळिशीला टेकलेला आणि कापड आत्ताच इस्त्री केल्यासारखं.

"बघ," ते मला म्हणाले, "इथे घाम येतच नाही."

"येतो हो," मामी म्हणाली. "येतो आणि वाळतो. कळत नाही एवढंच. आधी पाणी प्या."

मामांचं गाव संगमेश्वराकडचं. मामीचं माहेर शिरूर तालुक्यात, कवठे येमाईच्या अंगाला. चाळीस वर्षं दोघांनी डोंबिवलीत काढली. मामा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात होते, म्हणजे तापमान, दाब, आर्द्रता मोजणारी यंत्रं दुरुस्त करायची. गेल्या पावसाळ्यात मामीचा दमा आणि गुडघे एकदमच उठले आणि घरातला जुना वाद नव्याने सुरू झाला : आता उरलेलं आयुष्य कुठे काढायचं? मामांना कोकणातलं घर खुणावतं. मामीला तिथला पावसाळा नको. चार महिने कपडे वाळत नाहीत, गोधड्यांना कुबट वास, मिठाच्या बरणीत पाणी, काडेपेटी ओढली तर गुल नुसतं घासलं जातं. डॉक्टर म्हणाले, "जरा कोरड्या हवेत राहून बघा." डॉक्टरांच्या या एका वाक्यावर मामीने माहेरचा तालुका आणि शेजारचा दौंड, असे दोन तालुके पुढे केले. मी सोबत गेलो.

पूर्वी असा प्रश्न पडला की उत्तर ठरलेलं असे : पुणे. पेन्शनरांचं पुणे हे काही उगाच म्हणत नसत. मुंबईचे गव्हर्नरसुद्धा पावसाळ्यात गणेशखिंडीच्या बंगल्यात मुक्कामाला येत. तोच बंगला आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात आणि बसचा थांबाही त्याच नावाचा आहे. हवा मोजणाऱ्यांनीच जिथे बिऱ्हाड केलं, तिथली हवा चांगली असणार, असं आमच्या आधीच्या पिढीला वाटलं तर त्यात नवल नव्हतं. पण आताच्या पुण्यात पेन्शनच्या पैशात खिडकी असलेली खोली मिळणं मुश्कील, आणि ती खिडकी उघडली तर हवेच्या आधी हॉर्न आत येतो. म्हणून मग माणसं पूर्वेला आणखी सत्तर-ऐंशी किलोमीटर पुढे पाहू लागली. नगर रस्त्याने शिरूर, सोलापूर रस्त्याने किंवा रेल्वेने दौंड. दौंडला अशा लोकांची सवय जुनी आहे. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये झाला, तेव्हापासून रेल्वेच्या नोकरीत बदली होऊन आलेली आणि निवृत्त झाल्यावर इथेच राहिलेली घरं या गावात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. राज्य राखीव पोलीस दलातल्यांचंही तेच.

दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. सह्याद्री ढगांना पिळून घेतो आणि उरलेलं चिरगुट पूर्वेकडे झटकतो. मुंबईत नुसत्या पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो, पुण्यात सातशेच्या घरात. शिरूर-दौंडला वर्षाकाठी पाचशेच्या आसपास, आणि तोही बराचसा सप्टेंबरात, परतताना, विजा कडाडत. जून-जुलैत इथे ढग धावतात, वारा सुटतो, भुरभुर होते आणि शेतकरी वर बघत बसतो. त्या शेतकऱ्याची काळजी तीच पेन्शनराची हौस, हे मला पहिल्या दिवसापासून खटकत होतं.

*

दौंडच्या लॉजवर मामांनी पिशवीतून लाकडाची एक पट्टी काढली. तिच्यावर शेजारी-शेजारी दोन साधे थर्मामीटर तारेने बांधलेले. एकाच्या खालच्या फुग्याला जुन्या धोतराची मलमल गुंडाळलेली, आणि त्या मलमलीचं शेपूट औषधाच्या छोट्या बाटलीतल्या पाण्यात. शाळेच्या भूगोलात याला आर्द्रतामापक म्हणत. मामांनी पट्टी व्हरांड्याच्या सावलीत टांगली आणि पुठ्ठ्याने वारा घालत बसले. कोरड्या थर्मामीटरचा पारा चाळीसवर ठाम. ओल्याचा खाली सरकू लागला. तीस, सत्तावीस, पंचवीस. बावीस-तेवीसच्या मध्ये कुठेतरी तो थांबला.

"हा ओला म्हणजे तुझं घामेजलेलं अंग," मामा म्हणाले. "हवा पाणी किती झपाट्याने पिते ते हा सांगतो."

हे मला पटलं, कारण एरवी आपण आर्द्रतेचा टक्का वाचतो आणि फसतो. तो टक्का तापमानावर नाचतो. दुपारी चाळीस अंशांना वीस टक्के असलेली हवा रात्री चोवीस अंशांवर आली की तीच पन्नास टक्के दाखवते; हवेतलं पाणी तेवढंच असतं. सकाळच्या पेपरातला आकडा पाहून 'दौंडलाही बऱ्यापैकी दमट असतं की' म्हणणाऱ्याचं इथेच चुकतं. खरी तुलना करायची तर ओल्या थर्मामीटरची करावी. मे महिन्यात मुंबईत तापमान तेहतीस आणि आर्द्रता पासष्ट टक्के असेल, तर ओला पारा सत्तावीस-अठ्ठावीसला अडतो. दौंडला चाळीस अंश आणि वीस टक्के असताना तो पाच अंशांनी खाली असतो. मुंबईचा आकडा छोटा, पण अंगाची सुटका दौंडमध्ये.

या सुटकेला मर्यादा आहे. ओला पारा पस्तीसला पोचला तर निरोगी माणूसही काही तासांपलीकडे तग धरू शकत नाही, असं गणित २०१० मध्ये मांडलं गेलं. पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात तरुण, धडधाकट माणसांवर प्रत्यक्ष प्रयोग झाले आणि २०२२ मध्ये कळलं की दमट हवेत शरीर त्याच्या बरंच आधी, एकतीसच्या आसपास, हार मानायला लागतं. ते तरुणांचं. साठीनंतर घामाच्या ग्रंथी आळसावतात, तहान उशिरा लागते, आणि रक्तदाबासाठी 'पाण्याची गोळी' चालू असेल तर शरीरातलं पाणी आणि मीठ आधीच कमी झालेलं असतं. म्हणजे कोरड्या हवेत वाफ करायला हवा तयार असते, पण वाफ होण्यासाठी म्हाताऱ्या अंगातून पाणी यायला हवं ना! मुंबईत घाम कपाळावरून टपकतो आणि माणूस आपसूक पाण्याच्या तांब्याकडे वळतो. इथे तो गुपचूप उडून जातो. मामांना दौंडच्या फलाटावर जो आनंद झाला, तोच खरं तर धोका होता, आणि मामीने तो एका वाक्यात ओळखला होता.

पंख्याचंही तसंच. हवा त्वचेपेक्षा गरम झाली की पंखा अंगावर भट्टीचा झोत सोडतो. चाळीस अंशांच्या वर नुसत्या पंख्यावर विसंबू नका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याऐवजी वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावला तर दौंडमध्ये खोली थंड होते. डोंबिवलीत तोच कूलर खोलीचं न्हाणीघर करतो. कूलर म्हणजे मोठा ओला थर्मामीटरच. आणि त्याच न्यायाने माठ. मामीचं म्हणणं होतं की डोंबिवलीत माठ ठेवते ती शोभेला. लॉजच्या व्हरांड्यातल्या माठाला बाहेरून हात लावून तिने तिथल्या पोऱ्याला विचारलं, "कुठला रे माठ?" तो म्हणाला, "बाजारातला, आज्जी." तिला गावाचं नाव हवं होतं, पण तसलं गार पाणी निघायला गाव नाही, हवा लागते.

*

देशावरच्या जुन्या घरांनी ही हवा आपल्या आधी ओळखली होती. कोकणात उतरतं कौलारू छप्पर, इकडे माळवद. सपाट धाबं, लाकडी तुळयांवर काड्यांचा थर आणि त्यावर हातभर माती. पाऊस पाचशे मिलिमीटर असेल तिथेच मातीचं सपाट छप्पर टिकतं. संगमेश्वरात बांधलं तर पहिल्या आषाढात घरच अंगावर येईल. ती जाड माती दिवसभराचं ऊन पिते आणि रात्री कोरड्या, निरभ्र आभाळाकडे परत करते. याच माळवदावर उन्हाळ्यात वाळवणं घातली जातात. मामीच्या भावजयीने आम्ही गेलो त्या सकाळी चिक शिजवून कुरडया घातल्या होत्या. चार वाजता त्या उचलल्या तेव्हा बोटाने वाजवल्यावर कुडकुड आवाज आला. डोंबिवलीत गॅलरीत तीन दिवस ऊन दाखवूनही कुरडई मधोमध चिवट राहते, हे मामीचं चाळीस वर्षांचं दुःख.

पण ही भावजय आता माळवदाखाली राहत नाही. शेतात स्लॅबचा बंगला आहे, वर पत्र्याची शेड. दुपारी स्लॅब तापतो आणि रात्री बारा वाजेपर्यंत खाली झळ सोडत राहतो. म्हणजे बाहेरची कोरडी हवा अंगणात थंड झालेली असते तेव्हा घरातली माणसं तापत असतात. पुण्या-मुंबईहून येऊन प्लॉटवर बंगली बांधणारे हमखास हीच चूक करतात. हवा देशावरची घेतात आणि घर मुंबईचं बांधतात.

*

माणूस हवेसाठी गाव बदलतो ही गोष्ट नवी नाही. आपल्याकडे तिला सुंदर शब्द आहे, हवापालट. क्षयावर औषध नव्हतं त्या काळात पाचगणीचं बेल-एअर, मिरजेचं, तळेगावचं रुग्णालय इथे लोकांना याच आशेने नेत. देवळालीच्या सॅनिटोरियममध्ये मुंबईची माणसं महिना-महिना राहत. तिकडे अमेरिकेत वाळवंटी अ‍ॅरिझोना राज्यात १ जानेवारी १९६० रोजी 'सन सिटी' हे खास निवृत्तांचं गाव विक्रीला खुलं झालं. बर्फ आणि दमट हवा या दोन्हींना कंटाळलेले म्हातारे तिथे लोटले. तिथल्या लोकांचं पालुपद असतं, 'उष्मा आहे, पण कोरडा.' २०२३ मध्ये सन सिटी ज्यात येतं त्याच फीनिक्स शहराच्या परगण्यात उष्म्याशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले.

त्या अ‍ॅरिझोनाची आणखी एक गोष्ट मला शिरूरच्या बांधावर उभं असताना सारखी आठवत होती. शिंका आणि दम्यापासून सुटायला लोक वाळवंटात आले, आणि येताना घरची आठवण म्हणून हिरवळ, तुतीची आणि ऑलिव्हची झाडं घेऊन आले. नळ सोडला, बाग फुलवली, परागकण उडू लागले आणि शिंका परतल्या. शेवटी टूसॉन शहराच्या परगण्याने १९८४ मध्ये त्या झाडांच्या विक्रीवरच बंदी घातली.

आपल्याकडे तुती नाही, काँग्रेस गवत आहे. ते भारतात पहिल्यांदा नजरेस आलं ते पुण्यातच, १९५५च्या सुमारास. आज शिरूर-दौंडच्या प्रत्येक पडीक प्लॉटवर, म्हणजे नेमक्या त्याच 'सुंदर निसर्गरम्य' लेआउटवर, ते कमरेएवढं माजलेलं दिसतं. अंगाला खाज आणि दम्याला निमंत्रण. मामीच्या दम्याला कोरडी हवा मानवेल का, याचं उत्तर म्हणूनच सरळ नाही. गादी-उशीतल्या धुळीच्या किड्यांना ओलावा लागतो. हवा कोरडी झाली की ते घटतात, भिंतीवरची बुरशीही घटते. दमा त्यांच्यामुळे असेल तर मामी इथे सुखी. पण दमा धुळीने आणि परागकणांनी चाळवत असेल तर इथल्या एप्रिलच्या वावटळी, रस्त्याच्या कडेचा फुफाटा आणि गुऱ्हाळाचा धूर यांतून सुटका नाही. दौंड तालुक्यात गुऱ्हाळं पावलोपावली आहेत. कुरकुंभकडे रासायनिक कारखाने आहेत, रांजणगावला औद्योगिक वसाहत आणि तिच्या पायी नगर रस्त्यावर रात्रंदिवस ट्रक. निव्वळ 'कोरडं' म्हणून खूण करून भागत नाही.

गुडघ्यांचं काय? पावसाळी हवेत सांधे धरतात, यावर महाराष्ट्रातल्या झाडून साऱ्या आज्ज्यांचं एकमत आहे. शास्त्रज्ञांचं नाही. अमेरिकेत वृद्धांच्या एक कोटीहून जास्त दवाखाना-भेटी तपासून २०१७ मध्ये निष्कर्ष निघाला की पावसाचा आणि सांधेदुखीच्या तक्रारींचा मेळ बसत नाही. दोन वर्षांनी ब्रिटनमध्ये २,६५८ रुग्णांनी मोबाइलवर नोंदवलेलं रोजचं दुखणं तपासलं गेलं, तेव्हा दमट, वाऱ्याच्या, कमी दाबाच्या दिवशी दुखणं वाढतं असं दिसलं, पण थोडंसंच. मामीला हे सांगितलं. ती म्हणाली, "थोडंसं म्हणजे काय ते गुडघ्याला विचार." दुसरी बाजूही तिनेच सांगितली. माहेरी थंडीत पहाटे हातपाय आखडतात. कोरडी हवा जशी उन्हाळ्यात रात्र थंड करते तशीच ती पौषात पारा दहाच्या खाली उतरवते. टाचांना भेगा, ओठ फुटणं, उन्हाळ्यात नाकाचा घोळणा फुटणं, मुतखडा, हे सगळं याच हवेचं देणं.

*

तिसऱ्या दिवशी आम्ही कवठ्याकडे गेलो आणि तिथे मामांचा ओला थर्मामीटर बिनसला.

मामीच्या आठवणीत हा मुलूख जिरायती आहे. बाजरी, मटकी, हुलगे. १९७२ च्या दुष्काळात ती नऊ वर्षांची होती. आईबरोबर दुष्काळी कामावर जायची, खडी फोडणाऱ्या बायकांची पोरं सांभाळायची आणि सुकडी खायची. तिच्या मनातला वाऱ्याचा आवाज वाळलेल्या कडब्याचा. आता मात्र रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. कुकडी प्रकल्पातल्या डिंभे धरणाचं पाणी आलं, खाली चिंचणीला घोड धरण, तालुक्याच्या दुसऱ्या अंगाला चासकमानचा कालवा. दौंडला खडकवासल्याचा उजवा कालवा, शिवाय पुणे शहराचं सांडपाणी शुद्ध करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून बेबी कालव्यात सोडतात ते. भीमेला खालून उजनीचा फुगवटा.

मामांनी उसाच्या फडाला लागून असलेल्या घराच्या पडवीत पट्टी टांगली. कोरडा पारा दौंडपेक्षा दोन अंश कमी. सगळ्यांना बरं वाटलं. पण ओला पारा खाली यायचं नाव घेईना. मामा बराच वेळ पुठ्ठा हलवत राहिले, मग थांबले आणि कॉलर चाचपली. ओली होती.

याचं गणित साधं आहे. उसाला त्याच्या आयुष्यात दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं. तालुक्यात पाऊस पडतो पाचशे. एका एकराला कमीत कमी दीड हजार धरलं तरी साठ लाख लिटर होतात, आणि त्यातलं बहुतेक पानांवाटे आणि मातीतून हवेत जातं. घराच्या तिन्ही बाजूंना असा चार एकरांचा फड उभा असेल तर तुमच्या खिडकीबाहेर वर्ष-दीड वर्ष एक संथ, हिरवी किटली वाफ सोडत बसलेली असते. वारा पडला की ती तिथेच साचते. नकाशात तालुका एकच, पण कालव्याच्या वर एक हवा आणि कालव्याच्या खाली दुसरी.

फडाबरोबर डास आले, नदीकाठी जलपर्णीमुळे आणखी आले. आणि बिबट्या. जुन्नर वनविभागात शिरूर तालुकाही येतो. इथल्या बिबट्यांच्या कित्येक पिढ्या डोंगर न पाहता उसातच जन्मलेल्या आहेत. पिंपरखेडच्या परिसरात २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, लोक रस्त्यावर उतरले. मामीचं माहेर तिथून फार लांब नाही. डॉक्टरांनी रोज पहाटे अर्धा तास चालायला सांगितलंय, असं मामा म्हणाले, तेव्हा मामीचा भाऊ हसला. "दाजी, इथं पहाटं चालायचं नाही. आम्ही दारं धरायला जातो तेसुद्धा दोघं-तिघं मिळून, बॅटऱ्या घेऊन."

मग माळावर राहावं? कालव्याच्या वर, मुरमाड, उघड्या, वाऱ्याच्या माळावर ओला पारा पुन्हा छान खाली येतो. तिथे रात्री अंगणात बाज टाकली तर पांघरूण लागतं. पण तिथे पाणी नाही. बोअर पाचशे फुटांवर गेली तरी लागेलच असं नाही. लागलं तर मचूळ, साबणाला फेस न येणारं. मार्चनंतर टँकर. कूलर, माठ, अंग, हे तिन्ही पाण्यावर चालतात. हवा कोरडी आहे कारण पाणी नाही, आणि कोरड्या हवेत तग धरायला पाणीच लागतं. या पेचातून सुटलेलं घर आम्हाला दोन तालुक्यांत दिसलं नाही.

हा पेच जुनाच आहे. पंडिता रमाबाईंनी दौंड तालुक्यातल्या केडगावला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुक्ती सदन वसवलं. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींना घेऊन त्या या रेल्वेकाठच्या उघड्या माळावर आल्या, तेव्हा भिंतींइतकीच निकड विहिरींची होती आणि त्यांनी त्या खोदून घेतल्या. त्याच्या आधी, शतकाच्या सुरुवातीला, इंग्रजांनी घोडनदीच्या काठी शिरूरला लष्करी छावणी टाकली होती. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला लढलेली पलटण आदल्या रात्री तिथूनच निघाली होती. गावाला जुनी माणसं अजून 'घोडनदी'च म्हणतात. १८०९ मध्ये तिथे मेलेल्या कर्नल वॉलेसच्या थडग्याला गावकरी 'सत्पुरुष' मानून नैवेद्य दाखवत, अशी नोंद जिल्हा गॅझेटियरमध्ये आहे. छावणीने नदी धरली, बाईंनी विहीर. नुसत्या हवेवर कोणी तळ टाकला नाही.

*

जुन्या गावांकडे याहून बारीक हिशेब होता. पांढरीवर घर, काळीत शेत. गावठाण नेहमी चढावर, पांढऱ्या मातीवर. काळी खाली, पिकाला. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आकसते. तिच्यावर साध्या पायाचं घर बांधलं की दोन वर्षांत भिंतीला तिरकी चीर जाते. आज एजंट जे प्लॉट दाखवतात ते बऱ्याचदा काळीतलेच, कारण रस्त्यालगतची काळी विकायला निघालेली असते. आम्हाला दाखवलेल्या पाचांतले तीन तसे होते. कागदांचं तर वेगळंच प्रकरण : दहा गुंठ्यांचा सातबारा चौघांच्या नावावर, एनए 'होतच आलंय', तुकडेबंदीचं विचारलं की एजंटला फोन येतो. वकील गाठावा हे बरं.

दवाखान्याचा हिशेब मामीने केला. दौंडला उपजिल्हा रुग्णालय आहे, शिरूरला ग्रामीण रुग्णालय. पण छातीत कळ आली तर शेवटी पुणेच, आणि नगर रस्त्यावर वाघोलीच्या आधी रात्री आठला गाडी अडकली की हवा कोरडी आहे का दमट याला अर्थ राहत नाही. दौंडहून निदान रेल्वे आहे. म्हणून मामीचं मत हळूहळू माहेराकडून दौंडकडे सरकत गेलं. मला याचं आश्चर्य वाटलं. तिला वाटलं नाही. "माहेर चार दिवसांचं," ती म्हणाली.

मामांनी आता असं ठरवलंय की घ्यायचं काहीच नाही. दौंडला स्टेशनच्या पलीकडे, कालवा आणि नदी दोन्हींपासून लांब, चढावर एक खोली भाड्याने बघितली आहे. जुन्या रेल्वेवाल्याचं घर, जाड दगडी भिंती, वर मंगलोरी कौलं आणि कौलांखाली फळ्यांचं छत. तिथे आश्विनातले पंधरा दिवस, पौषातले पंधरा आणि वैशाखाचा अख्खा महिना राहायचं. पट्टी खिडकीला टांगायची, सकाळ-दुपार-रात्र वहीत लिहायचं. एका रकान्यात कोरडा पारा, दुसऱ्यात ओला, तिसऱ्यात मामीने पंप किती वेळा ओढला, चौथ्यात नळ किती वाजता आला आणि किती वेळ राहिला. चौथा रकाना मामीने आखला. कोकणातलं घर विकलेलं नाही. त्याची चावी भिंतीवर तिथेच लटकते आहे.

परतायच्या दिवशी शेवटचा एक प्लॉट पाहायचा होता. मळ्याच्या टोकाला, कालव्याच्या बरोब्बर काठावर. कालव्यात पाणी नव्हतं. तळाला वाळलेला गाळ पापडासारखा वर वळला होता. एजंट तिशीचा, पांढरी चप्पल, हातात दोन मोबाइल. त्याने रस्ता दाखवला, लाइटचा खांब दाखवला, पुढे होऊ घातलेल्या चौपदरी मार्गाची दिशा दाखवली. मामांनी खाली वाकून ढेकूळ उचललं, चुरडलं. काळी.

"पाण्याचं काय?" मामीने विचारलं.

"पाणीच पाणी आहे, आज्जी. हा काय कालवा."

"आत्ता कुठे आहे?"

"आवर्तन नाही सध्या. तुम्ही असं करा काका," तो मामांकडे वळला, "पावसाळ्यात या. ऑगस्टात. हे सगळं असं हिरवंगार असतं ना, तुम्ही जागेवर टोकन द्याल."

मामांनी खिशातून वही काढली, त्याचा नंबर लिहून घेतला, नंबराखाली रेघ मारली.

"मे महिन्यातच येतो," ते म्हणाले. "टँकरवाल्याचाही नंबर देऊन ठेव."